आजारात आणि आरोग्यात

विवाहसंस्काराच्या वेळी वधू आणि वर वेदीसमोर उभे राहून एकमेकांना जे वचन देतात, त्यात सुखदुःखाबरोबर आजार आणि आरोग्य यांचाही उल्लेख असतो. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी हे वचन ऐकत आलो आहे. पंचविशीतल्या वधूवरांच्या तोंडून 'आजार' हा शब्द किती सहजपणे निघून जातो! त्यांचे अर्धे लक्ष फोटोग्राफरकडे असते आणि ते स्वाभाविकच आहे. त्या वयात आजार म्हणजे दोन दिवसांचा ताप.

हे शब्द विवाहविधीत आले कसे, याला एक छोटासा इतिहास आहे. इंग्लंडमधील सॉल्सबरी येथील मध्ययुगीन विधीत वधूवर आपल्या लोकभाषेत असे वचन देत असत. तेथूनच ते १५४९ साली अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात गेले. रोमच्या १६१४ सालच्या विधिग्रंथातील संमतीचे शब्द मात्र अगदी मोजके होते. त्या त्या प्रदेशाच्या प्रशंसनीय प्रथा पाळण्यास त्याने मुभा ठेवली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, नवा विवाहविधी प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लॅटिन संहितेतील वचनातच आजार व आरोग्य यांना स्थान मिळाले. म्हणजे आपल्या धर्मग्रामातील आजच्या आजी-आजोबांपैकी जे सर्वांत वयोवृद्ध आहेत, त्यांतील कित्येकांनी लग्नात हे शब्द कदाचित उच्चारलेही नसतील. ते निभावले मात्र त्यांनीच.

या विषयाकडे वळण्याचे कारण सांगतो. नागपूरच्या माझ्या एका जुन्या धर्मग्रामात मी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जात असे. एका घरी सत्तरी ओलांडलेल्या बाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. ते दार उघडीत, मेणबत्ती लावीत, बायकोच्या डोक्यावरचा पदर सारखा करीत आणि माझ्या मागे हात जोडून उभे राहत. बाईंना मी रुग्णाभ्यंगही दिला होता. तीन वर्षे मी त्या घरी गेलो. दर वेळी बाईंची विचारपूस केली, परंतु दार उघडणाऱ्याला "तुमचे कसे काय?" असे एकदाही विचारले नाही. आधी गेले ते. रात्री झोपेतच. बाई त्यानंतर आठ महिने होत्या. प्रेतयात्रेच्या दिवशी शेजारणीने मला सांगितले, की रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जाणे त्यांनी वर्षभरापूर्वीच सोडले होते. बायकोला एकटे टाकून रांगेत उभे राहणे त्यांना जमत नव्हते. हे ऐकल्यापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. इतिहासाची मला आवड आहे. म्हणून मी त्याचा माग इतिहासात घेऊ लागलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की नवरा-बायकोने एकत्र म्हातारे होणे ही आपल्या देशात तशी अलीकडची घटना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते. स्वातंत्र्याच्या सुमारास ते बत्तीसच्या घरात होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरे. तरी प्लेग, पटकी आणि बाळंतपण यांतून वाचून नवरा आणि बायको दोघेही साठी पाहतील, असे घर विरळाच. शिवाय वयातील अंतर! गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणले ते जरठ-कुमारी विवाहाची चाल समाजात जिवंत होती म्हणून. अशा लग्नात नवऱ्याचे आजारपण हा अपघात नव्हता. ते पहिल्या दिवसापासूनच ठरलेले होते. दुसरी किंवा तिसरी बायको ही पुष्कळदा शुश्रूषेची आगाऊ केलेली सोय असे, असे म्हटले तर कठोर वाटेल, परंतु असत्य ठरणार नाही. आणि ती सेवा संपली की पुढे केशवपन आणि माजघराचा कोपरा.

विवाह आणि आरोग्य यांचा संबंध आकड्यांनी तपासण्याचा एक प्रसिद्ध आरंभीचा प्रयत्न इंग्लंडमधील डॉ. विल्यम फार यांनी केला. १८५८ साली त्यांनी फ्रान्समधील मृत्युनोंदी घेऊन विवाहित, अविवाहित आणि विधुर-विधवा असे तीन वर्ग पाडले. एकंदरीत विवाहितांचा मृत्युदर कमी आणि जोडीदार गमावलेल्यांची स्थिती वाईट, असे त्यांना आढळले. मात्र फार अकाली झालेल्या लग्नांत, विशीच्या आतील विवाहितांत, मृत्युदर उलट जास्त होता. आपल्याकडे मुलींच्या लग्नाची किमान वयोमर्यादा चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली झाला, हे येथे आठवते. फार यांच्या निष्कर्षावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो योग्य आहे: लग्नामुळे माणसे निरोगी राहतात, की मुळात निरोगी माणसांचीच लग्ने होतात? दोन्ही थोडेथोडे खरे असावे. परंतु उतारवयातील प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. तेथे लग्न कधीच झालेले असते, आणि आता एकाचे शरीर दुसऱ्याच्या शरीरावर परिणाम करू लागते.

यासाठी मला दूर जावे लागले नाही. नागपूरपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर सेवाग्राम आहे. आपल्या कित्येक शाळांच्या सहली तेथे जातात. मुले बापू कुटी पाहतात, चरखा पाहतात. शेजारची बा कुटी घाईघाईने ओलांडून पुढे जातात.

कस्तुरबा आणि गांधीजी दोघेही १८६९ साली पोरबंदरला जन्मले. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. समवयस्क असल्यामुळे दोघे एकाच वेळी म्हातारे झाले, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट. त्यांच्या संसारातील आजारपणाची कथा दक्षिण आफ्रिकेत सुरू होते. रक्तस्रावाच्या विकारासाठी दरबान येथे कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली. त्या इतक्या अशक्त होत्या, की क्लोरोफॉर्म देणे धोक्याचे होते. त्याविनाच त्यांनी ती सोसली. पुढे डॉक्टरांनी मांसरस देण्याचा आग्रह धरला. गांधीजींनी निर्णय कस्तुरबांवर सोपवला आणि त्यांनी नकार दिला. रिमझिम पावसात त्या आजारी बाईला फिनिक्स आश्रमात नेण्यात आले. नंतर विकार पुन्हा उलटला, तेव्हा गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्यास सुचवले. त्या म्हणाल्या, की हे तर तुम्हालाही सुटणार नाही. गांधीजींनी तत्क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडली. कस्तुरबांना रडू कोसळले. आपल्या आत्मकथेत गांधीजींनी हा प्रसंग मोठ्या आनंदाने सांगितला आहे. मला तो वाचताना आनंद होतो आणि थोडी भीतीही वाटते. आजारी माणसाला असे प्रेम किती जड जात असेल!

परंतु पारडे नेहमी एकाच बाजूला झुकत नसे. १९१८ साली गांधीजींना आमांशाने मरणाच्या दारापर्यंत नेले. गाई-म्हशींचे जे हाल केले जातात ते पाहून त्यांनी दूध न घेण्याचे व्रत घेतले होते आणि दुधाशिवाय शरीर भरून येईना. मुंबईत डॉ. दलाल दूध घेण्याविषयी सांगत होते. अशा वेळी कस्तुरबा पुढे झाल्या. तुमचे व्रत गाई-म्हशींच्या दुधाविषयी आहे, शेळीच्या दुधाला त्यात आडकाठी कोठे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने बॅरिस्टर नवऱ्याला कायद्यातील पळवाट दाखवली! गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि त्याचा सल शेवटपर्यंत बाळगला. शेळीशिवाय गांधीजींचे चित्र आज कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. त्यामागे एका बायकोची चिंता आहे, हे मात्र चित्रात दिसत नाही.

१९३६ साली गांधीजी शेगावात राहावयास आले. पुढे त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. तोवर त्यांना रक्तदाबाचा त्रास सुरू झालेला होता. पहिल्या घरात, म्हणजे आदिनिवासात, सगळे एकत्र राहत. पाहुणे, कार्यकर्ते, रोगी यांच्या त्या गर्दीत वृद्ध कस्तुरबांना स्वतःचा असा आडोसा नव्हता. म्हणून जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र झोपडी बांधवली. तीच बा कुटी. याच आश्रमात गांधीजी महारोगाने ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींची मालिश स्वतःच्या हातांनी करीत. महात्म्याच्या त्या सेवेचे छायाचित्र जगभर गेले. त्या गर्दीत कस्तुरबांचे गुडघे दुखत होते का, दम लागत होता का, हे विचारायला दिवसातला कोणता वेळ उरत होता, असा प्रश्न मला पडतो. मी स्वतः त्या रेल्वेवाल्या गृहस्थांना विचारले नव्हते, म्हणूनच कदाचित पडतो.

९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना अटक झाली. शिवाजी पार्कवरील त्यांची सभा आपण घेऊ, असे कस्तुरबांनी जाहीर केले. तेव्हा त्यांनाही पकडण्यात आले. पुण्याच्या आगाखान महालात दोघे एकत्र आले. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेच हृदयविकाराने गेले. त्यांना मुलासारखे मानणाऱ्या कस्तुरबा मनाने खचल्या. १९४३ च्या फेब्रुवारीत पतीचा एकवीस दिवसांचा उपवास त्यांनी डोळ्यांसमोर पाहिला. एकमेकांना इतका सलग वेळ देणे या पतिपत्नींना आयुष्यात क्वचितच शक्य झाले असेल, आणि तो मिळाला कैदेत! गांधीजी त्यांना गुजराती आणि भूगोल शिकवू लागले. सत्तरी ओलांडलेला शिक्षक आणि त्याच वयाची विद्यार्थिनी. भूगोल त्यांच्या लक्षात राहत नसे. कॅरममध्ये मात्र त्यांना रस होता.

१९४३ च्या अखेरीस कस्तुरबांना हृदयविकाराचे झटके येऊ लागले. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर कैदी म्हणून तेथेच होते. निसर्गोपचार झाले, वैद्यराज शिव शर्मा यांनाही बोलावण्यात आले. शेवटी न्यूमोनिया झाला. धाकटे पुत्र देवदास यांनी त्या काळी अतिदुर्मीळ असलेले पेनिसिलीन विमानाने मागवले. ते दर काही तासांनी सुईने टोचावे लागेल, हे कळल्यावर गांधीजींनी देवदासांना त्या आग्रहापासून परावृत्त केले. जाणाऱ्या जिवाला आता यातना नकोत, असे त्यांचे म्हणणे होते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, पतीच्या मांडीवर डोके ठेवून कस्तुरबांनी प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना अग्नी देण्यात आला. चिता शांत होईपर्यंत ते तेथून हलले नाहीत.

पेनिसिलीनचा तो निर्णय योग्य होता काय? पुढे स्वतःला हिवताप झाल्यावर गांधीजींनी क्विनाईन घेतले, याकडे टीकाकार बोट दाखवतात. मला ही तुलना पुरेशी वाटत नाही: एकीकडे हृदय थकलेली मरणोन्मुख स्त्री, दुसरीकडे बरा होऊ शकणारा ताप. आपल्या श्रद्धेप्रमाणेही, अंतकाळी केवळ यातना वाढवणारा किंवा प्रमाणाबाहेरचा उपचार घेतलाच पाहिजे, असे बंधन नाही. पण एक खंत राहते. शेवटच्या घटकेला रुग्णाच्या वतीने नवरा बोलला. बासष्ट वर्षांच्या सहवासानंतर त्याला तो अधिकार होता, असे मी म्हणेन. मुलालाही आईसाठी हट्ट धरण्याचा अधिकार होता. रुग्णालयाच्या व्हरांड्यात असे वडील आणि असा मुलगा मी अनेकदा समोरासमोर उभे असलेले पाहिले आहेत.

त्यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मार्चमध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी कबूल केले, की ही उणीव त्यांना वाटले होते त्याहून अधिक जाणवत आहे. एप्रिलमध्ये त्यांना हिवतापाने गाठले. अशक्तपणा आणि रक्तदाब यांनी प्रकृती इतकी खालावली, की सरकारने ६ मे रोजी त्यांना मुक्त केले. हिवताप डासामुळे होतो, शोकामुळे नव्हे. हे मला ठाऊक आहे. तरीही हे अंतर, अडीच महिन्यांहून कमी, मनात राहते.

याविषयीचे एक गाजलेले संशोधन १९६९ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. १९५७ मध्ये पत्नी वारलेल्या, पंचावन्न किंवा अधिक वयाच्या ४,४८६ विधुरांचा नऊ वर्षे मागोवा घेण्यात आला होता. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील २१३ जण मरण पावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या तुलनेत हे प्रमाण चाळीस टक्क्यांनी अधिक होते. नंतर ते हळूहळू सर्वसाधारण पातळीवर आले.

सेवाग्रामहून आणखी पुढे, चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. तेथील जोडपे तर निम्मे नागपूरचेच. साधनाताई आमटे या पूर्वाश्रमीच्या इंदू घुले, नागपूरच्या. बाबा हिंगणघाटचे, शिक्षण नागपुरात. १९४६ च्या डिसेंबरात त्यांचे लग्न झाले. पाच वर्षांच्या आत दोन लहान मुलांना घेऊन हे दोघे महारोग्यांसोबत माळरानावर राहायला गेले. महारोगाचे नाव काढताच माणसे दूर पळत असत, तो तो काळ. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहून १८८९ साली त्याच रोगाने मरण पावलेल्या फादर डेमियन यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांच्या नावाचा डेमियन-डटन पुरस्कार बाबांना १९८३ साली मिळाला. फादर डेमियन एकटे होते. साधनाताईंना मात्र संसर्गाची भीती पोटात ठेवून दोन पोरांना वाढवायचे होते. हा फरक आम्हा ब्रह्मचाऱ्यांना चटकन कळत नाही.

पुढे आजार आला, पण तो महारोग नव्हे. तो पाठीच्या कण्याचा. मणक्यांच्या विकारामुळे बाबांना बसणे अशक्य झाले. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. जेवण, वाचन, चर्चा, प्रवास, सारे या दोन अवस्थांत. १९८५-८६ मध्ये कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा त्यांनी बसमधील बिछान्यावर पडून केली. १९९० च्या सुमारास, पंचाहत्तरीत, ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. साधनाताईही गेल्या. साठी ओलांडलेल्या बाईने उभा केलेला पसारा सोडून, बसू न शकणाऱ्या नवऱ्यासह, नदीकाठी पुन्हा चूल मांडायची, याचा अर्थ घर चालवणाऱ्या आपल्या वाचक भगिनी माझ्यापेक्षा चांगला सांगतील. साधनाताईंनी 'समिधा' हे आत्मकथन लिहिले. समिधा म्हणजे यज्ञात जळणारी काष्ठे. बाबांना मॅगसेसे, टेम्पल्टन असे जगाचे सन्मान मिळाले. शीर्षक निवडताना त्यांनी त्या सन्मानांत आपली जागा कोठे ठेवली, ते वाचकाने पाहावे.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले. साधनाताई ९ जुलै २०११ रोजी. तीन वर्षे आणि पाच महिने.

एकाच्या दुखण्याने दुसऱ्याचे शरीर कसे झिजते, याविषयी आता बरेच ज्ञान झाले आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराची काळजी घेताना ताण अनुभवणाऱ्या वृद्धांचा मृत्यू होण्याचा धोका चार वर्षांत त्रेसष्ट टक्क्यांनी अधिक आढळला. ज्यांना ही सेवा करताना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. २००६ साली त्याच देशात पाच लाख अठरा हजारांहून अधिक वृद्ध दांपत्यांची माहिती तपासण्यात आली. पत्नी किंवा पती रुग्णालयात दाखल झाल्यास जोडीदाराचाही धोका वाढतो, असे दिसले. पण तो सर्व रोगांत सारखा नव्हता. आतड्याच्या कर्करोगात तो फारसा वाढत नव्हता. स्मृतिभ्रंश, मानसिक विकार, मोडलेले खुब्याचे हाड यांत तो ठळक होता. म्हणजे रोग जीवघेणा किती, यापेक्षा तो माणसाला परावलंबी किती आणि किती काळ करतो, याला महत्त्व आहे. अर्धांगवायू या यादीत कोठे बसेल, ते मला कोणी सांगायची गरज उरलेली नाही.

अर्थात सरासरी म्हणजे विधिलिखित नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, १९५० साली वारल्या तेव्हा अण्णांनी नव्वदी ओलांडलेली होती. ते आणखी बारा वर्षे जगले आणि १०४ व्या वर्षी, १९६२ मध्ये, गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तल्यावर लक्ष्मीबाईंनी सतरा वर्षांच्या वैधव्यात 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले. जोडीदार गेल्याचा फटका पुरुषांना अधिक बसतो, असे पुष्कळ अभ्यास सांगतात. औषधाची वेळ, पथ्य, नातेवाइकांशी बोलणे-चालणे, हे सारे बायकोच्या हाती सोपवून पुरुष आयुष्य काढतो. ती गेली की त्याला स्वतःच्या गोळीचा रंगही ठाऊक नसतो. बाईला निदान स्वयंपाकघर ठाऊक असते. लक्ष्मीबाईंना तर त्याहून बरेच काही ठाऊक होते.

आपल्या सरकारने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला. त्यात मुलांवर आणि वारसांवर जबाबदारी टाकलेली आहे आणि ते योग्यच आहे. पण नागपुरातील कित्येक घरांत मुले पुण्याला, आखातात किंवा कॅनडात असतात, आणि पंचाहत्तर वर्षांच्या माणसाची शुश्रूषा बहात्तर वर्षांचे माणूस करीत असते. पंचाहत्तरीतल्याला निदान रोगी म्हणून ओळखले जाते.

कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय आज सेवाग्रामात आहे. आगाखान महालात त्यांच्या उशाशी असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनीच १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभारले. आपल्या धर्मग्रामातील अनेक जण तेथे उपचारासाठी जातात. मागच्या वर्षी एका आजोबांना पाहण्यासाठी मीही गेलो होतो. त्यांच्या खाटेखाली चटई अंथरून आजी झोपल्या होत्या. मी आजोबांसाठी प्रार्थना केली आणि मग आजींना उठवून बाहेर चहाला नेले. तेथे कळले, की त्यांच्याच पायाची जखम तीन आठवडे भरलेली नाही आणि त्यांनी ती अजून कोणाला दाखवलेली नाही. बाह्यरुग्ण विभागाची खिडकी बंद व्हायला तेव्हा वीस मिनिटे उरली होती. आम्ही चहा तसाच टाकून निघालो.